नव्वदला सहा कमी

मी गवंड्याच्या हातातली थापी. विटेवर माल पसरणं, जादाचा माल कापून काढणं, वीट हलकेच ठोकून ओळीत बसवणं, भिंतीवर गिलावा फेकणं, ही माझी कामं. काम चालू असलं की थापीला वेगळं बोलावं लागत नाही, तिचा खणखणाट सगळ्या गल्लीला ऐकू जातो. गेले आठ महिने मी गप्प आहे. म्हणून आज बोलायला बसलेय, आणि गोड बोलेन अशी आशा धरू नका. सिमेंट चाटून चाटून जीभ खरबरीत झालीय माझी.

माझा जन्म जिंतूरच्या बाजारातला. मोडक्या ट्रकच्या कमानपाट्याचा एक तुकडा घिसाड्याच्या भट्टीत पडला, तीच मी. घिसाडी चिमटा धरून बसला होता आणि घण मारत होती त्याची बायको, बायनाबाई. पदर कमरेला खोचून तिनं मला असं बडवलं, की अंगात वाकडेपणा म्हणून शिल्लक राहिला नाही. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तेव्हा तिनं घण खाली ठेवला.

"थांबा जरा, पाव्हनं. कच्ची दिली तर चार दिसांत वाकंल, आन् शिव्या मला बसतील."

ते गिऱ्हाईक म्हणजे नागनाथ गवंडी. तो थांबला. बाजार उठेपर्यंत बसून राहिला आणि मला धोतराच्या सोग्यात गुंडाळून येलदरीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावी घेऊन आला. गावात आल्यावर त्यानं बाभळीची मूठ बसवली. ती मूठ अजून तीच आहे.

नागनाथला गावात सगळे वस्ताद म्हणायचे. त्याच्या हाताखाली मी गावातली निम्मी घरं उभी केली, असं म्हटलं तर कुणी नाही म्हणणार नाही. दगड-मातीची घरं पडत गेली, विटांची होत गेली, पत्र्यांच्या जागी स्लॅब आला, आणि प्रत्येक भिंतीत थोडीथोडी मी झिजले. या काळात माणसांची एक सवय मी पक्की ओळखली. बांधणाऱ्याला सोडून बाकी सगळ्यांना भिंत वाकडी दिसते. मालक येतो, एक डोळा मिटतो, मान तिरपी करतो आणि म्हणतो, "वस्ताद, जराशी झुकल्यावानी वाटायली का वो?" नागनाथ दोरीला वजन बांधलेला ओळंबा सोडायचा. दोरी भिंतीला समांतर उभी राहायची आणि मालक चहा आणायला आत पळायचा.

नागनाथचा एक नेम होता आणि त्याच नेमापायी ही सगळी कहाणी सांगावी लागतेय, म्हणून नीट ऐका. माल संपला की हजेरी संपली, असं तो मानायचा. सकाळी कामावर गेलो, दुपारी वाळू संपली किंवा विटा आल्या नाहीत, तर तो दिवस अर्धा. मालक भला असला आणि म्हणाला, राहू द्या वस्ताद, अख्खाच धरा, तरी तो ऐकायचा नाही. "अर्ध्या दिसाचं अख्खं खाल्लं तर अंगी लागत न्हाई," म्हणायचा. त्याच्या वहीत अख्ख्या दिवसाला उभी लांब रेघ असायची आणि अर्ध्याला अर्धी. दोन अर्ध्या रेघा मिळून एक दिवस. सगळा हिशेब असा.

नागनाथला मुलगा नव्हता. एकच मुलगी, राजेश्री. तिच्या लग्नानंतर चार वर्षांनी त्याचा खोकला वाढला, तेव्हा त्यानं जावयाला बोलावून घेतलं आणि मला त्याच्या हातात दिलं. जावई महारुद्र. त्याच्याच हाताखाली शिकलेला, उंच, अबोल आणि कामाला चिवट. सासऱ्यानं थापी दिली आणि वही दिली. महारुद्रनं दोन्ही घेतलं. वही भरल्यावर नवी वही आली, पण रेघा तशाच राहिल्या, लांब आणि अर्ध्या.

महारुद्र भिंत बांधायचा आणि राजेश्री माल कालवून घमेलं उचलून द्यायची. नवराबायको दिवसभर एकमेकांशी दहा शब्द बोलायचे. "माल." "आनते." "पानी कमी टाक." "बरं." पण त्या दहा शब्दांवर त्यांनी पोरीला बारावीपर्यंत शिकवलं. पोरीचं नाव पिंकी. तिला नर्स व्हायचं होतं. परभणीला नर्सिंगला तिचा नंबर लागला तेव्हा महारुद्रनं मला धुऊन पुसून देव्हाऱ्यासमोर ठेवलं होतं. एरवी हा मान फक्त खंडेनवमीला मिळतो. पहिल्या वर्षाची फी दोन शेळ्या आणि राजेश्रीच्या कानातलं मोडून भरली. दुसऱ्या वर्षासाठी मोडायला घरात काही उरलं नव्हतं.

मग कुणीतरी सांगितलं, बांधकाम कामगाराचं सरकारी कार्ड काढा. कार्ड असलं की पोरांच्या शिक्षणाला मदत मिळते, काम करताना पडलं-झडलं तर दवाखान्याला मिळते, पेटी मिळते, पेटीत डोक्यावरची टोपी, कमरेचा पट्टा, बूट. भांड्यांचा संचही मिळतो. ऐकून मी मूठभर फुलले. म्हटलं, उशिरा का होईना, कुणाला तरी आमची आठवण झाली.

पण त्याआधीच वाळू बंद झाली होती. पूर्णेच्या पात्रातून वाळू काढायची नाही, घाटांचा लिलाव नाही, ट्रॅक्टर दिसला की जप्त. खोटं का बोलू, नदीची दशा मी पाहिली आहे. जिथं पोरं पोहायची तिथं खड्डे पडले होते आणि कडेच्या विहिरी आटल्या होत्या. नदी वाचवायला हुकूम निघाला, त्याला माझी ना नाही. माझं म्हणणं एवढंच, की तो हुकूम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टरवाला होता, ठेकेदार होता, नदी होती, फक्त वाळूत थापी घालणारा गवंडी नव्हता. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे कामंच नव्हती. घरकुलांची जोती बांधून पडली, त्यांत गवत उगवलं, शेळ्या चरून गेल्या.

होळीनंतर खाणीतल्या दगडाची चुरलेली वाळू यायला लागली. तिची धार अशी, की एका महिन्यात माझी कड झिजली. तीही पुरेशी यायची नाही. अर्धी ट्रॉली यायची, दुपारपर्यंत संपायची. मालक हात जोडायचा, "उद्या येती म्हनायलाय ट्रॉलीवाला." महारुद्र हातपाय धुऊन घरी यायचा आणि वहीत अर्धी रेघ ओढायचा. त्या उन्हाळ्यात वहीत अर्ध्या रेघांचंच पीक आलं.

आता कार्डाचा नियम. मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला पाहिजे. शहरात एका ठेकेदाराकडे वर्षभर राबणाऱ्याला तो देईल. आमच्या महारुद्रचा ठेकेदार कोण? आज या आळीतली न्हाणी, परवा त्या वस्तीवरचा गोठा, मग कुणाचं घरकुल. चाळीस मालक, चाळीस ठिकाणं. अशांना ग्रामसेवकानं दाखला द्यायचा.

आमच्या गावात असे दाखले आधी भरपूर वाटले गेले होते. किराणा दुकानदाराकडे कार्ड आहे. त्याच्या भावाकडे आहे. आयुष्यात एक वीट न उचललेल्या सतराजणांकडे आहे, आणि हे मी मोजून सांगतेय, कारण त्या सतराही जणांची घरं आम्ही बांधलीत. दुकानदाराच्या पेटीतल्या टोपीत त्याच्या पोरानं कबुतराची पिल्लं ठेवली आणि कमरेचा पट्टा म्हशीच्या गळ्यात गेला. चांगला रुंद पट्टा होता. म्हशीला शोभतही होता.

या भानगडींची वर तक्रार झाली, चौकशी लागली, जुने ग्रामसेवक बदलून गेले आणि मंजुषा मॅडम आल्या. तरुण, कामाला कडक. त्यांनी ठरवलं, खात्री केल्याशिवाय सही नाही. म्हणजे बघा, खोट्यांनी ताटं उचलून नेली आणि पंगतीच्या दारावर पहारा बसला तेव्हा खरा माणूस दारात उभा होता.

भारत नावाचा गावातलाच एक पोरगा ऑनलाइन सेंटर चालवतो. महारुद्र आधी त्याच्याकडे गेला. मी पिशवीत होते, कारण तिथूनच पुढं एका न्हाणीच्या कामावर जायचं होतं.

"मामा, किती दिवस लिहू?" भारतनं विचारलं.

महारुद्रनं वही काढली. बोटानं रेघा मोजल्या, आधी लांब, मग अर्ध्यांच्या जोड्या लावून. "चौऱ्यांशी भरायलेत."

"मग नव्वद लिहितो. सहा दिसांनं काय होतंय?"

"न्हाई. हाय तेवढंच लिव्ह."

"चौऱ्यांशी लिहिलं तर अर्ज पुढंच सरकत न्हाई, मामा. तुमी गवंडी हाव, सगळ्या गावाला ठावं हाय. दुकानदारानं तीनशे लिहिलेत, तुमी सहा वाढवायला भ्यायलाव."

"भ्यायचं काय त्यात. केलं न्हाई ते केलं म्हनून सांगायचं न्हाई."

मला त्याचा अभिमान वाटला. आज तो अभिमान आठवला की स्वतःचीच लाज वाटते. राजेश्रीच्या नावानं काढावं म्हटलं, तर यंत्र तिचा अंगठाच घेईना. पंधरा वर्षं हातानं माल कालवून बोटांवरच्या रेषा सिमेंटनं खाल्ल्या होत्या. चार वेळा अंगठा पुसला, तेल लावलं, पुन्हा दाबला. यंत्राच्या लेखी ती बाई नव्हतीच.

महारुद्र ग्रामपंचायतीत गेला. मंजुषा मॅडम रजिस्टरात मान घालून बसल्या होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "वर्षभरात एकूण किती दिवस काम झालं?" त्यानंही सरळ सांगितलं, "चौऱ्यांशी." त्या म्हणाल्या, "मग मला सही करता येणार नाही, दादा. सहा दिवस आणखी काम करा, मग या. मी त्याच दिवशी सही देते." त्यांच्या बोलण्यात तिडीक नव्हती. उलट निघताना त्यांनी पाणी विचारलं. वही त्यांनी मागितली नाही आणि यानं दाखवली नाही. ती पिशवीत माझ्याच खाली होती.

सहा दिवस. ज्येष्ठ महिना लागला होता, पाऊस तोंडावर आलेला. गावातली कामं आटोपत आली होती आणि पिंकीच्या कॉलेजचा निरोप आला होता, की मदतीचा अर्ज वेळेत आला पाहिजे. तेव्हा जिंतूर रोडला एक मंगल कार्यालय उभं राहत होतं, तीन मजली. बाहेरच्या गिलाव्याला गवंडी पाहिजे होते. महारुद्रनं आजवर एका मजल्याच्या वर काम केलं नव्हतं. उंचावरचं काम आपलं नाही, असं तो स्वतःच म्हणायचा. राजेश्रीनं त्याला आदल्या दिवशी जेवताना तेच सांगितलं.

"आवं, तितं लय उंच हाय. गावातलं बगू की काहीतरी."

"गावात कुटं हाय? सहाच दिवस. सहा भरले की उतरलो."

"आन् पाऊस आला तर?"

"आला तर अर्धी रेघ."

तिथं बांबूची परांची बांधली होती, काथ्याच्या दोरानं. दोर मागच्या कामावरचा. पट्टा कुणालाच नव्हता, टोपी फक्त मुकादमाला. ज्याच्या डोक्यावर काही पडण्याचा संभव नव्हता, तो टोपी घालून खुर्चीवर बसायचा. महारुद्र वर चढला. पहिल्या दिवशी त्यानं एका हातानं मला धरलं आणि दुसऱ्यानं बांबू. दुसऱ्या दिवशी बांबू थोडा वेळ सोडला. तिसऱ्या दिवशी त्यानं नेहमीसारखा गिलावा फेकला आणि घरी येऊन वहीत तिसरी लांब रेघ ओढली. सत्त्याऐंशी.

चौथ्या दिवशी दुपारचं जेवण झालं होतं. राजेश्री खाली माल कालवत होती. वर महारुद्रनं घमेल्यातून मला भरून उचललं, हात मागं नेला, आणि पायाखालची फळी एका बाजूनं बसली. दोर सुटल्याचा आवाजही फार झाला नाही. तो मला सोडेल असं वाटलं होतं. त्यानं सोडलं नाही. खडीच्या ढिगावर आपटेपर्यंत मी त्याच्या मुठीत होते, आणि तो उजव्या खांद्यावर पडला, त्याचं कारण मीच असेन, असं मला अजून वाटतं. हात मोकळा असता तर त्यानं कशाला तरी धरलं असतं.

राजेश्रीनं किंकाळी फोडली नाही. ती धावत आली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मुकादमाला म्हणाली, "गाडी आना." मुकादम टोपी काढून उभा राहिला होता. मग त्यानं गाडी आणली.

परभणीला दवाखान्यात दीड महिना गेला. जीव वाचला, पाठ वाचली. उजव्या हाताचा खांदा आणि कोपर यांचा चुरा झाला होता. हात राहिला, पण त्याची मूठ वळत नाही. मंगल कार्यालयाच्या ठेकेदारानं सांगितलं, या नावाचा माणूस आमच्या हजेरीवर नाहीच. खरंच नव्हता. सहा दिवसांसाठी कोण नाव लिहितो? कार्ड असतं तर दवाखान्याला मदत होती, पण कार्ड मिळवायलाच तर तो वर चढला होता. घरासमोरची दोन गुंठे जागा गेली आणि पिंकी सुट्टी काढून बापाच्या उशाशी बसली. मला कुणीतरी पिशवीत टाकून घरी पाठवलं होतं. माझा एक कोपरा वाकला होता. बायनाबाईनं बडवून सरळ केलेलं अंग त्या खडीनं वाकवलं.

दसरा झाल्यावर मंजुषा मॅडम स्वतः घरी आल्या. त्यांना उशिरा कळलं होतं. ओसरीत सतरंजीवर बसल्या, महारुद्रची विचारपूस केली. पिंकीनं त्यांच्यापुढे वही ठेवली. "मॅडम, सही देता येती का बघा ना. बाबाचे सहाच कमी होते. त्यांतले चार तर भरलेच की."

मॅडमनी वही उघडली. पान उलटलं, पुन्हा मागं गेल्या. "या लहान रेघा कशाच्या?"

"अर्ध्या दिसाच्या," महारुद्र म्हणाला. "दुपारी माल संपला की अर्धी."

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही कामावर गेला होतात?"

"गेलो व्हतो की. दुपारपर्यंत केलं."

मॅडम पेन काढून एकेका रेघेवर टेकवत मोजायला लागल्या, लांब असो की आखूड, प्रत्येक रेघेला एक. मंगल कार्यालयाच्या तीन सोडून एकाहत्तर लांब, सव्वीस अर्ध्या. मी खुंटीवरून बघत होते. मोजून झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"दादा, सरकार मजुरी मोजत नाही, कामावर आलेले दिवस मोजतं," त्या म्हणाल्या. "माणूस कामावर आला, दोन तास का काम करेना, तो दिवस झाला. तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हा तुमचे सत्त्याण्णव झाले होते."

राजेश्री चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती, ती तिथंच राहिली.

"तुम्ही वही का नाही दाखवलीत?" मॅडमनी वही मिटली. "मी का नाही मागितली?"

महारुद्र आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. तो म्हणाला, "म्हंजे मी वर चढायचं कामच नव्हतं." त्यानं हे रागानं म्हटलं नाही. उधारी चुकती झाल्यावर माणूस जसं पुन्हा एकदा विचारून खात्री करतो, तसं म्हटलं.

मला राग येतो, तो सासरा आणि जावई दोघांचा येतो. अर्ध्या दिवसाचं अख्खं खायचं नाही म्हणे. ज्यांनी दिवसच काय, अख्खी आयुष्यं न राबता खाल्ली त्यांच्या अंगी चांगलं लागलंय. आणि माझ्या धन्यानं उन्हात केलेली सव्वीस दुपारपर्यंतची कामं निम्मी करून सांगितली, कारण त्याला वाटलं सरकारही नागनाथसारखंच मोजत असेल. आणि ती वाळू? ज्यांनी ती बंद केली म्हणून त्याचे दिवस अर्धे झाले, त्यांनीच पुढं होऊन विचारलं, पूर्ण नव्वद का नाही भरले. एका हातानं काम थांबवायचं आणि दुसऱ्या हातानं कामाचा दाखला मागायचा, याला काय म्हणावं ते मला कळत नाही. शिवी येते तोंडात, पण राजेश्री आत देवाला दिवा लावतेय.

मॅडमनी त्या दिवशीही सही केली नाही. बारा महिने आजपासून मागं मोजायचे असतात आणि महारुद्र आठवडे न् आठवडे अंथरुणावर पडून होता तेव्हा त्याचे जुने दिवस एकेक करून हद्दीबाहेर गेले होते. आता मोजले तर साठसुद्धा भरत नव्हते. त्यांनी खोटं लिहिलं नाही. जाताना पिंकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि गाडीपाशी उभं राहून रडल्या, असं शेजारच्या सुमनबाईनं येऊन सांगितलं. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. चांगल्या माणसांच्या हातूनही असं होतं, हीच तर खरी जिवाला लागणारी गोष्ट आहे.

दुसऱ्या वर्षाच्या फीला कॉलेजनं संक्रांतीपर्यंत मुदत दिली. पिंकी म्हणाली, "राहू द्या बाबा, मी येते परत. जिंतूरला कापडाच्या दुकानात बाया लागायल्यात." महारुद्र दोन दिवस जेवला नाही धड. तिसऱ्या दिवशी त्यानं खुंटीवरून मला काढलं, डाव्या हातानं पिशवीत घातलं आणि भारतच्या सेंटरवर गेला.

"लिव्ह, तुला काय लिवायचं ते," तो म्हणाला.

भारतनं एकदाही, मी तेव्हाच सांगत होतो, असं म्हटलं नाही, एवढं त्याचं चांगलं. त्यानं कुठल्यातरी ठेकेदाराचा दाखला आणला. त्या ठेकेदारानं महारुद्रला कधी पाहिलेलं नाही आणि महारुद्रनं त्याला. दाखल्यावर दोनशे दहा दिवस लिहिले होते. मग भारत म्हणाला, "मामा, कामावरचा एक फोटो लागतो."

गावात कुठंही काम चालू नव्हतं. त्यानं महारुद्रला स्वतःच्या घराच्या भिंतीपुढे उभं केलं. ती भिंत आम्हीच बांधलेली, मागच्या दिवाळीला पिस्ता रंग दिलेली. डोक्यावर कुणाचीतरी पिवळी टोपी ठेवली. महारुद्रनं उजवा हात अंगाशी धरला आणि डाव्यात मला घेतलं. डाव्या हाताला मला धरायचं कसं ते माहीत नव्हतं, मूठ उलटी झाली. "जरा भिंतीला लावा, मामा. काम करायल्यावानी दिसू द्या." त्यानं मला भिंतीला टेकवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोरडी भिंतीला लागले. महारुद्रची मान खाली होती. "वर बघा, मामा," भारत म्हणाला, आणि त्यानं वर पाहिलं.

एकोणिसाव्या दिवशी अर्ज मंजूर झाला. कार्डावर लिहिलंय, कुशल गवंडी. खऱ्या वर्षी ज्याला कामगार म्हणायला कुणी तयार झालं नाही, त्याला हात गेल्यावर सरकारनं कुशल ठरवलं. पिंकीची मदतही आली, फी भरली गेली. अपघात कार्डाच्या आधीचा, त्यामुळे त्याचं काही मिळालं नाही. भांड्यांचा संच आला आहे, तो राजेश्रीनं अजून खोक्यातून काढलेला नाही. महारुद्र आता वहीला हात लावत नाही. गावातून कुणी भिंत वाकडी वाटते म्हणून विचारायला आलं, तर जातो, बघतो आणि घरी येतो.

आता माझं मागणं. तुमच्यापैकी कुणी त्या कचेरीत बसत असेल, तर तो फोटो पुन्हा उघडा. मोठा करून बघा. रंग दिलेल्या भिंतीला कुणी गिलावा करतो का? थापी कोरडी आहे. तिचा कोपरा वाकलाय. ती डाव्या हातात आहे आणि मूठ उलटी आहे. एवढं सगळं त्या चित्रात स्पष्ट दिसतंय, आणि तरी ते मंजूर झालं, म्हणजे बघायला हवं तिथं कुणीच बघत नाही. बघा, असं ओरडून सांगावं म्हणून मी बोलायला बसले होते.

पण परवा पिंकी घरी आली होती. बापाला खाटेवर बसवून त्याची बोटं एकेक करून उघडत होती, मिटत होती, कॉलेजात शिकवल्याप्रमाणे तोंडानं आकडे मोजत. महारुद्रला दुखत होतं, तरी तो तिच्या तोंडाकडे बघून हसत होता. राजेश्री म्हणाली, "किती राहिलं गं तुझं शिक्षण अजून?" पिंकी म्हणाली, "दीड वर्ष, आई."

तेव्हा माझं मागणं मी परत घेते. फोटोत सगळं खोटं आहे आणि ते मला ठाऊक आहे. तुमच्या हाती लागला तर कृपा करून तसाच मिटून ठेवा. दीड वर्ष कुणी बघू नका.